शनिवारी सहाला घालायची खोळ

मित्रांनो, माणसाचे काम थांबवण्याची ताकद या जगात फार थोड्यांकडे आहे. राजांनी हुकूम काढले, डॉक्टरांनी कागदावर 'विश्रांती' असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या, बायकांनी ताटे झाकून ठेवून वाट पाहिली. काम काही थांबले नाही. ते मी थांबवले. पाच वर्षे, दर शनिवारी, संध्याकाळी सहाच्या ठोक्याला, मी एकटीने थांबवले.

मी एक जुनी खोळ आहे. शिलाई मशीनची. अंगाने जाड, रंगाने हिरवी, आणि डाव्या कोपऱ्याला ठिगळ. हिरवी हे तुम्ही माझ्या शब्दावर मानायचे.

माझा जन्म एका अपघातातून झाला. आमचे मास्तर शिंपी होते. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागे स्वयंपाकघर, मध्ये एक पडदा. घरात माणसे दोनच, मास्तर आणि मास्तरीणबाई. मास्तर आठवड्याचे सातही दिवस शिवत. आठवा असता तर तोही सोडला नसता. एका रविवारी दुपारी पँटची शिवण मारता मारता त्यांचा डोळा लागला. पाय मात्र चालू राहिले, कारण पायांना सवय होती. सुई डाव्या हाताच्या बोटातून नखासकट आरपार गेली. मास्तर जागे झाले, त्यांनी चाक उलटे फिरवून बोट सोडवले, चिंधी बांधली आणि पँटवर रक्त सांडले नाही ना हे आधी पाहिले.

मास्तरीणबाईंनी ते सगळे पडद्याआडून पाहिले. ओरडल्या नाहीत. त्यांनी मधला पडदाच काढला, त्याचे चार तुकडे केले आणि मास्तरांच्याच मशीनवर, मास्तरांना स्टुलावर बसवून, मला शिवले. दोन बाजूंना दोन नाड्या लावल्या.

"ही काय भानगड?" मास्तर म्हणाले.

"खोळ आहे. शनिवारी सहाला घालायची. सोमवारी नऊला काढायची."

"आणि मधे गिऱ्हाईक आलं तर?"

"तर सांगायचं, खोळ घातलीय."

"अगं, पण ती काढता येते. नाडी ओढली की झालं. कुलूप आहे का ते?"

"तेच तर," मास्तरीणबाई म्हणाल्या. "कुलूप असतं तर तुम्ही किल्ली शोधली असती. नाडी आहे. ओढायची लाज वाटते का बघू."

मास्तरांना लाज वाटली. मित्रांनो, माझ्या आयुष्यातली चांगली पाच वर्षे त्या लाजेवर उभी होती.

शनिवारचे आमचे काम मोठे बेतशीर असे. साडेपाचला मास्तर नवे कापड हातात घेणे बंद करीत. जे पुरे होईल तेवढेच पुरे करीत. मग खाकी कागदाच्या कपट्यावर खडूने लिहीत, 'सोमवार. निळी पँट, डावा पाय, घडी बाहेर.' तो कपटा सुईखाली ठेवून सुई त्यावर टेकवीत. पहिल्या दिवशी मास्तरीणबाईंनी विचारले, हे कशाला? मास्तर म्हणाले, "नाहीतर तो डावा पाय रविवारभर माझ्या डोक्यात हिंडतो." त्यानंतर मशीनच्या पोटातला भुगा फुंकून काढायचा, तीन जागी तेलाचा थेंब सोडायचा, चाकावरचा चामड्याचा पट्टा उतरवून खिळ्याला टांगायचा, आणि सर्वांत शेवटी मी. मला मास्तर घालीत, नाड्या मात्र मास्तरीणबाई बांधीत. मास्तरांची गाठ सैल असते असा त्यांचा आरोप होता. मशीन चांगले नव्वद वर्षांचे टिकाऊ लोखंड होते, पण नाडी बांधली की एकदम पाहुण्यासारखे गप्प बसून राही.

रविवार हा बसचा दिवस होता. मास्तरीणबाईंनी एकदा सहज विचारले होते, "आपल्या कोपऱ्यावरून चोवीस नंबर जाते, ती जाते कुठं हो?" मास्तरांना सांगता आले नाही. तीस वर्षे त्या कोपऱ्यावर राहून सांगता आले नाही. तेव्हा दोघांनी ठरवले की गावातल्या सगळ्या बसमधून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे. नंबर एकपासून बेचाळीसपर्यंत, ओळीने. मधेच उडी मारायची नाही. चोवीसचा नंबर चोविसावा, मग तो दारावरून का जाईना. डबा घ्यायचा, शेवटी उतरायचे, तिथे काय आहे ते पाहायचे आणि त्याच बसने परत यायचे. मास्तरीणबाईंनी नंबरांची यादी करून पिशवीत ठेवली. परत आल्यावर शिंप्याच्या खडूने त्या एकेक नंबर खोडीत आणि मास्तर बाजूला उभे राहून, आपणच बस चालवून आल्यासारखे, घाम पुसत.

त्यांना घाई नव्हती. पाच नंबरच्या शेवटाला एक मोठे झाड होते, ते इतके आवडले की पुढचे सहा रविवार तिथेच गेले. कधी पाऊस असे, कधी नुसतीच झोप. तरी पाच वर्षांत तेवीस नंबर झाले.

माझी कीर्ती गल्लीत पसरली. एकदा एका बड्या साहेबांच्या बाई रविवारी ब्लाऊज घेऊन आल्या. मास्तर दारातच म्हणाले, "खोळ घातलीय." बाई म्हणाल्या, "म्हणजे?" मास्तर बाजूला झाले आणि त्यांनी मला दाखवले. बाईंनी माझ्याकडे खालपासून वरपर्यंत असे पाहिले, जसे काही घरात कोणी वडीलधारे आजारी झोपले आहे, आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "बरं बरं, मी सोमवारी येते." मित्रांनो, मला इतका मान पुन्हा कोणी दिला नाही.

मग तो चोवीस नंबरचा रविवार आला.

सकाळचे नऊ वाजले होते. मास्तरीणबाई चपला घालून, पिशवी खांद्याला लावून, दाराशी उभ्या होत्या. रविवारी चोवीस नंबर तासाला एकच, साडेनऊला. एवढ्यात पाणीखात्यातले हेडक्लार्क कोट घेऊन आले. गल्लीत त्यांना हजेरीसाहेब म्हणत, कारण पस्तीस वर्षांत त्यांनी एक दिवसही रजा घेतली नव्हती. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांचा निवृत्तीचा सत्कार होता. तोही रविवारी ठेवलेला. ऑफिसचा दिवस वाया जाऊ नये म्हणून.

"मास्तर, कोट पोटावर बसेना. कमरेत दोन बोटं सैल करा. पाच मिनिटांचं काम."

"साहेब, खोळ घातलीय," मास्तर म्हणाले.

"काय घातलीय?"

"खोळ. आज रविवार."

हजेरीसाहेबांनी कोट बाकावर ठेवला. "मास्तर, मुलाला गोवर आला तेव्हा मी ऑफिसात होतो. वडील गेले तेव्हा दुपारी बारापर्यंत ऑफिसात होतो, मग रीतसर साहेबांची परवानगी काढून निघालो. आणि तुम्ही मला रविवारची सबब सांगता?"

मास्तरांनी मास्तरीणबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "अहो, दुसऱ्या शिंप्याकडे जातील ते. तो कोपऱ्यावरचा उघडाच असतो."

"त्याला कोट येत नाही," मास्तर म्हणाले.

इथेच सगळे बिघडले. त्याला कोट येत नाही, हे खरे होते. पण ते मोठ्याने म्हटल्यावर मास्तरांच्या चेहऱ्यावर जो उजेड पडला, तो मी नाडीच्या गाठीतून पाहिला. माणसाला वाटते आपण दुसऱ्यासाठी थांबलो. बहुतेक वेळा तो आपल्या हातासाठी थांबतो.

"पाच मिनिटं गं," ते म्हणाले, आणि माझी नाडी ओढली.

मला काढून मशीनच्या पाटावर मागे ढकलले. पट्टा चढला. मास्तरांनी अस्तर उसवले, पाठीची शिवण सैल केली, पुन्हा मारली. एक डोळा सुईवर, एक दारावर. मास्तरीणबाई चपला घालून उभ्याच होत्या. नऊ वीस झाले. नऊ पंचवीस झाले. "झालं, झालं, अस्तर बंद केलं की झालं," मास्तर म्हणत होते. त्या घाईत कोटाच्या खालच्या काठाला अस्तर बंद करताना माझी एक नाडी शिवणीत गेली. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते. सुईने मला तीन इंच पक्के टाके घातले आणि मास्तरांनी कोटाची घडी माझ्यासकट घातली. कोट जाड, मी जाड. घाईत कोण वेगळे काढतो? वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांनी पुडके साहेबांच्या हातात दिले.

वर्तमानपत्राच्या आतून मला एवढेच ऐकू आले की मास्तर म्हणाले, "चल, निघू." आणि कोणी ओ दिली नाही.

मित्रांनो, माझ्या नशिबी प्रवास एकदाच होता आणि तो सत्काराला होता. सभागृहाच्या बाजूच्या खोलीत आरसा नव्हता. शिपायाने कोट मागून धरला, साहेबांनी हात घातले, आणि मी त्यांच्या पाठीखाली गुडघ्यापर्यंत लोंबू लागले. शिपायाने मला पाहिले. पण साहेबांच्या मागे काय लोंबावे हे ठरवणे त्याच्या कामात बसत नव्हते. साहेब व्यासपीठावर चढले तेव्हा साठ-सत्तर माणसांनी मला पाहिले. एकानेही सांगितले नाही. पस्तीस वर्षांची शिस्त ती.

भाषणे झाली. अमुक साली पूर आला तरी साहेब आले, तमुक साली ताप होता तरी आले. मग त्यांना प्रवासाची बॅग भेट दिली, चाकांची. साहेबांनी ती दोन्ही हातांनी धरली आणि आता हिचे काय करायचे अशा नजरेने इकडेतिकडे पाहिले. शेवटी त्यांच्या पत्नीला दोन शब्द बोलायला सांगितले. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "मी काय सांगणार? तुम्हीच यांना जास्त ओळखता." लोक खूप हसले. त्या बसल्या. मी त्यांच्या समोरच लोंबत होते. त्या हसत नव्हत्या.

घरी गेल्यावर त्यांनीच कात्रीने माझी नाडी कापली. सोमवारी सकाळी हजेरीसाहेब मला वर्तमानपत्रात गुंडाळून दुकानात घेऊन आले. मास्तरांनी त्यांची शंभर वेळा माफी मागितली. साहेब म्हणाले, "असू द्या," आणि बाकावर बसले. दहा वाजले, साडेदहा वाजले. ते उठले नाहीत. त्यांना जायला कुठेच नव्हते.

त्या रविवारी मागे दुकानात काय झाले ते मला नंतर तुकड्यातुकड्याने कळले. मास्तर कोपऱ्यापर्यंत धावत गेले होते. चोवीस नंबर निघून गेली होती आणि मास्तरीणबाई तिच्यात होत्या. मास्तर परत आले. मशीन उघडे होते. झाकावे म्हणून त्यांनी मला शोधले. पाटाखाली, बाकाखाली, कापडांच्या ढिगात. मी नव्हते. पुढच्या तासाची बस होती, तिने ते जाऊ शकले असते. पण समोर मशीन उघडे, पट्टा चढलेला, सुईत दोरा. मास्तर नुसते बसले, आणि बसलेच आहोत तर म्हणून निळी पँट ओढली.

मी जागेवर असते तर कदाचित त्यांनी मला घातले असते. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. खोळीला मन असते का, असे विचारू नका. कापसाचीच आहे मी.

संध्याकाळी मास्तरीणबाई आल्या. मास्तरांना वाटले, आता तोफ उडणार. पण त्या पिशवी ठेवून सहज म्हणाल्या, "चोवीसच्या शेवटाला तळं आहे. बदकं आहेत." मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या. ते म्हणाले, "हं."

भांडल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढच्या शनिवारी मास्तरांनी मला घातले खरे, पण माझी एक नाडी तुटलेली होती. "लावून देतो," ते म्हणाले. एक नाडी लावायची म्हणजे शिंप्याच्या घरी दोन मिनिटांचे काम, म्हणून ती अकरा वर्षे लागली नाही. रविवारी कोणीतरी दारात आले. मग शाळेचे गणवेश आले. मग मोबाइल आला आणि गिऱ्हाइकाला दारात यायचीही गरज उरली नाही. त्याचे माप आणि त्याची घाई खिशातच वाजू लागली. "एवढा सीझन जाऊ दे गं, मग बेचाळीसच्या बेचाळीस पुरे करू," असे मास्तर म्हणत. मनापासून म्हणत, त्यात लबाडी नव्हती. सीझन मात्र जात नव्हता.

मास्तरीणबाई पहिली दोन वर्षे रविवारी सकाळी विचारीत, "येताय?" मग नुसत्या दाराशी क्षणभर थांबत. मग थांबणेही गेले. चपला घालून निघत, संध्याकाळी येत, आणि कधी काही सांगत. मशीन चाललेले असे. "हं," मास्तर म्हणत.

माझ्याविषयी काय सांगू? प्रथम मला गणवेशांच्या गठ्ठ्यावर टाकले. मग माझ्यावर तेलाचे हात पुसले गेले. मग माझी घडी करून बाकावर ठेवली, हजेरीसाहेबांना बसायला मऊ. ते रोज दहाला येत आणि साडेपाचला उठत, रविवारसुद्धा. पस्तीस वर्षे जी माणसे रजा घेत नाहीत त्यांचे वजन काय असते, हे माझ्याइतके कोणाला माहीत नसेल. एकदा मास्तरीणबाई म्हणाल्या, "साहेब, रविवारी तरी घरी वहिनींजवळ बसा." साहेब म्हणाले, "तिला सवय नाही हो. दचकते."

असे होता होता मास्तरांचे डोळे गेले. अगदी गेले नाहीत. पण सुईचे भोक दिसेना. डॉक्टरांनी ऑपरेशन केले, भिंग बसवले, आणि सांगितले की पेपर वाचता येईल, काळ्या कापडावर काळा दोरा विसरा. मास्तरांनी राहिलेले कपडे परत केले. नवे घेणे बंद केले. तो शनिवार होता. सहाला दहा मिनिटे असताना ते उठले, हजेरीसाहेबांना म्हणाले, "साहेब, जरा उठा," आणि मला त्यांच्याखालून काढले.

झटकले. अकरा वर्षांची घडी मोडताना मला दुखले. मग त्यांनी मशीनचा भुगा फुंकला, चाचपडत तेल सोडले, पट्टा उतरवला. खाकी कपटा घेतला, खडू घेतला, आणि थांबले. सोमवारसाठी लिहायला काही नव्हते. कपटा तसाच कोरा सुईखाली ठेवला. मला घातले. चाचपडून पाहिले तर नाडी एकच.

"अगं," त्यांनी हाक मारली, "जरा नाडी लावून बांधतेस का?"

मास्तरीणबाई आल्या. भिंतीला धरत आल्या. त्यांचे गुडघे आता पायरीला विचारून पाय टाकत. त्यांनी हातानेच एक नाडी टाचली आणि गाठ मारली. गाठ तशीच घट्ट होती.

"उद्या जाऊ या," मास्तर म्हणाले. "आता काय, सगळे रविवारच आहेत. कुठले नंबर राहिलेत आपले?"

"कुठलेच नाही."

"म्हणजे?"

"झाले. दोन वर्षं झाली."

"बेचाळीससुद्धा?"

"बेचाळीससुद्धा."

"काय होतं बेचाळीसच्या शेवटाला?"

"काही नाही हो. एक भिंत. भिंतीपाशी बाक. बसले तासभर, मग तीच बस परत आली."

"मला बोलली नाहीस."

"सांगितलं होतं," मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. कपाटात काय कुठे आहे ते सांगावे तसे त्या म्हणाल्या. "मशीन चालू होतं."

हजेरीसाहेबांनी घड्याळ पाहिले. साडेपाच कधीच होऊन गेले होते. ते उठून गेले.

"मग पुन्हा एकपासून सुरू करू," मास्तर म्हणाले. "मी खिडकीत बसणार नाही. तू बस खिडकीत."

"एक नंबरची पायरी फार उंच आहे," त्या म्हणाल्या. "मला आता चढवत नाही." आणि आत गेल्या.

रविवारी सकाळी मास्तर चपला घालून बाकावर बसले. कशासाठी, ते त्यांनाही ठाऊक नसावे. बऱ्याच वेळाने मास्तरीणबाई बाहेर आल्या आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. त्यांच्यामध्ये एका माणसाची जागा मोकळी होती. दोघांनाही ती कमी कशी करायची ते आठवत नव्हते. साडेनऊची चोवीस नंबर कोपऱ्यावरून गेली. दहा वाजत आले तेव्हा मास्तर काहीतरी बोलणार होते. खरेच बोलणार होते. मी त्यांचे तोंड उघडलेले पाहिले आणि त्यात टाचण्या नव्हत्या. तेवढ्यात दहा वाजले आणि हजेरीसाहेब आले. "बसा, बसा, उठू नका," म्हणाले, आणि दोघांच्या मधे बसले.

मित्रांनो, मी फार शिकलेली नाही. पडद्याची झालेली खोळ आहे. पण एवढे सांगते. तुमच्याही घरात काम झाकायची एखादी वस्तू असेल. खोळ, झाकण, कुलूप, एखादे बटण. ती वेळेवर लावा आणि लावल्यावर तिची अब्रू राखा. पाच मिनिटे मागणाऱ्या माणसाला परत पाठवायला लाजू नका. तो दुसरीकडे जातो, त्याचे काही अडत नाही. वाट पाहणारे माणूसही शेवटी दुसरीकडे जाते, आणि त्याचेही काही अडत नाही. अडते ते तुमचे, आणि ते कळायला अकरा वर्षे लागतात. आपली सुटी दुसऱ्याच्या घाईत शिवून देऊ नका. मी शिवली गेले आहे; ते टाके निघाले तरी भोके राहतात.

एवढे मोठे बोलून झाल्यावर एक लहानशी विनंती करते, राग मानू नका. उद्या मास्तरीणबाई मला धुणार आहेत म्हणे. त्यांच्या गुडघ्यांना गच्ची चढणे जमायचे नाही, तेव्हा तुमच्यापैकी कोणी वर जाणार असेल तर मला वाळत घालताना उलटी घाला. उन्हाने रंग जातो.